वाळवणावरची साडी

प्रिय जया,

आणि तुझ्या पाठीमागे उभ्या असलेल्या तमाम लेकींनो, ज्यांना माहेरी गोडधोड खाऊ घालून हक्कसोडपत्रावर सही करायला बसवलं आणि साडी-चोळी देऊन सासरच्या एस.टी.त चढवलं! हसू नकोस. चाळीस वर्षं माईकपुढे उभी राहिलेली तुझी वहिनी पत्रसुद्धा सभा भरल्यासारखंच सुरू करणार. पण आज पिंजऱ्यात मीच उभी आहे, म्हणून नीट ऐक.

सत्तावीस वर्षांपूर्वी तू भाऊबीजेला श्रीगोंद्याहून माहेरी देवळालीला आलीस. तिसऱ्या दिवशी तुझ्या सहादेवदादाने तुला जीपमधून राहुरीला नेलं आणि माहेरच्या दीड एकरावरचा हक्क तू सही करून सोडलास. त्याच आठवड्यात मी कोल्हारला बायकांच्या मेळाव्यात ‘लेकीला वाटा मिळालाच पाहिजे’ म्हणून टेबलावर मूठ आपटून आले होते! आणि सहीच्या बदल्यात तुला द्यायची हिरवी इरकल मीच दुकानात बसून निवडली. एवढी पुस्तकं वाचलेली मी, स्वतःच्या स्वयंपाकघरात गप्प बसले. तू एवढंच म्हणालीस, ‘वहिनी, रंग लई झाक हाय.’ पुढच्या उन्हाळ्यात तुझ्याकडे आले, तर गच्चीवर ती साडी कुरडयांवर पसरलेली, कावळ्यांपासून राखण करत. मी बघतच राहिले, तर तू हसून म्हणालीस, ‘दीड एकराची साडी हाय वहिनी, एवढी रुंद दुसरी कुठं मिळायची?’ माझ्या सगळ्या भाषणांवर ते एक वाक्य भारी पडलं, जया.

तर आता बातमी. विहिरीकडचा अर्धा एकर, चिक्कूची तीन झाडं धरून, मी तुझ्या नावावर करते आहे. दीड एकराचा अर्धा झाला हे मला कळतं. बाकीचा एकर माझ्या लेकाच्या, कल्याणच्या, कॉलेजच्या फीपायी विकला गेला, तो आता परत आणता येत नाही. उरलेला तुझा दादा गेल्यापासून माझ्या एकटीच्या नावावर आहे, तो तरी देते. सगळे म्हणतात, मृत्युपत्रात लिहून ठेवा. का? मृत्युपत्र वाचायच्या वेळी लिहिणारा भिंतीवर हार घालून बसलेला असतो. मला देताना तुझं तोंड बघायचंय! म्हणून बक्षीसपत्र, रीतसर नोंदणी करून, मी हिंडती-फिरती असताना. त्याला घेणारीचा होकार लागतो, तेव्हा तुझीही सही लागेल. कल्याणला मी भीत भीत सांगितलं, तर तो पुण्याहून फोनवर हसायलाच लागला. म्हणाला, ‘आई, आत्याचंच होतं ते. एवढा उशीर का केलास?’ पोरगा माझी भाषणं ऐकत ऐकत मोठा झालाय, त्यातलं काहीतरी लागू पडलं म्हणायचं.

दुसरा कागद मात्र याहून जड आहे. उद्या मी अंथरुणाला खिळले, बोलता येईना, तर माझ्यावर कोणते उपचार करायचे, कोणते थांबवायचे आणि माझ्या वतीने डॉक्टरांशी कोणी बोलायचं, हे आजच लिहून ठेवता येतं. मी वकीलबाईंना विचारलं, कुलमुखत्यारपत्र केलं तर नाही का चालणार? त्या म्हणाल्या, ‘बाई, तुमची समज गेली की त्या कागदाचाही जीव जातो. दवाखान्यासाठी हे वेगळंच लिहावं लागतं.’ मग लिहिलं. त्यात नाव तुझं घातलंय. कल्याणचं नाही. त्याला सुई बघून घेरी येते, आणि प्रेमापोटी तो मला नळ्या लावून वर्षभर झुलवत ठेवील. तू तशी नाहीस. सगळं पटांगण टाळ्या वाजवत असताना पहिल्या रांगेतून ‘वहिनी, आवरा आता, घरी जेवणं खोळंबल्यात’ असं ओरडणारी तू! मला थांबवायची हिंमत या घरात दुसऱ्या कोणात आहे, सांग बरं?

हे सगळं आत्ताच का, असं विचारशील. तीन जानेवारीला शाळेच्या पटांगणात बोलायला उभी होते. ‘बायांनो’ म्हटलं आणि पुढचा शब्दच येईना. ओठाची उजवी बाजू हलेना. असेल अर्धा मिनिट. लोकांना वाटलं, बाई मुद्दाम थांबल्या. टाळ्यांचा नुसता कडकडाट! माझं आजवरचं सगळ्यात गाजलेलं वाक्य मी बोललेच नाही. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा इशारा होता, गोळ्या चुकवू नका. चुकवत नाही. ठणठणीत आहे, जीभ पुन्हा पहिल्यासारखी तुरुतुरु चालते, तुला कळवलं नाही म्हणून शिव्या घालायच्या तर समोर येऊन घाल. पण त्या अर्ध्या मिनिटात मला एक कळलं. माझा आवाज गेला, तर माझ्या वतीने बोलायला मला तुझंच तोंड हवंय. म्हणून येत्या मंगळवारी सकाळी अकराला आधार कार्ड घेऊन राहुरीच्या नोंदणी कार्यालयात ये आणि दोन्ही कागदांवर सही कर. नोटरी शेजारीच बसतात, साक्षीदार मी सांगून ठेवलेत. साडी मी आणणार नाही. या वेळी ती तू आण, माझ्यासाठी, तुला आवडेल त्या रंगाची. मी ती वाळवणावर टाकणार नाही. नेसून पुढच्या सभेला उभी राहीन, आणि पहिल्या रांगेतून तू मला थांबव.

वाट बघणारी, तुझीच
विजयमाला वहिनी