फिल्टरच्या नळीला एक तोटी

सूनबाई,

मी कीर्तनाला निघाले आहे. बुवा उत्तररंगात शिरले की मला उठवत नाही, तेव्हा जेवायला थांबू नकोस.

दुपारी प्लंबर येऊन गेला. पिण्याचं पाणी गाळताना फिल्टर जे खारट पाणी बाहेर टाकतो, ते आता बादलीत न पडता नळीने थेट फ्लशच्या टाकीत जाईल. गेल्या आठवड्यात बादली भरून वाहिली आणि बाबा त्यात घसरले. देवाची दया, नुसत्या गुडघ्याच्या सुजेवर निभावलं, तीही आता उतरली. तू चिडलीस ते बरोबरच होतं.

पण नळी बसतेय म्हटल्यावर बाबा रुसून खिडकीशी जे बसलेत ते उठलेच नाहीत. म्हणतात, "निवृत्त झाल्यावर या घरात मला एकच नोकरी होती, तीही काढून घेतलीत." रोज त्या पाण्याने जिना धुवायचा आणि चपलांचा चिखल आणणाऱ्यांना झापायचं, यात त्यांची सकाळ जायची.

म्हणून तुला न विचारता मी नळीला मध्येच एक तोटी बसवून घेतली. तिच्याखाली लहान बादलीच मावते. जिन्याला तेवढं पाणी पुरे, आणि उचलायलाही हलकी. कुंड्यांना मात्र ते पाणी नको, पानं करपतात.

तोटीचं त्यांना अजून ठाऊक नाही. मी सांगितलं तर म्हणतील, बायकोने कीव केली. तूच सांग, आणि जरा कुरकुरत सांग, "बाबा, जिना बघवत नाही हो. उद्या कोण धुणार?"

आई