बांबेर्गवरचं न झालेलं भाषण

बाबा, तुमच्या ओळखीचं ते जर्मन लोकांचं चर्च गेल्या रविवारी बंद झालं. माणसंच उरली नाहीत, म्हणून शेजारच्या गावातल्या चर्चमध्ये मिळवून टाकलं. ईडन प्रेरीहून पाऊण तास ड्राइव्ह करून मी शेवटच्या प्रार्थनेला गेले. का जातेय, ते घरी कोणाला सांगितलं नाही. मागच्या बाकावर बसले. समोर मोजकी पांढरी डोकी होती, आणि भिंतीवर, काढून नेलेल्या तसबिरींचे फिकट चौकोन.

आई गेल्यावर तुम्ही माझ्याकडे ईडन प्रेरीला आलात, त्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळी तुम्हाला लायब्ररीत सोडून मी ऑफिसला जायचे. तिथे एका वयस्क बाईंशी तुमची ओळख झाली, आणि त्यांचे पूर्वज बांबेर्ग या जर्मन शहराजवळच्या खेड्यातले निघाले. अमरावतीच्या कॉलेजात इतिहास शिकवताना तुम्ही वर्षानुवर्षं ज्याच्याबद्दल वाचत होतात आणि जे कधी पाहिलं नाहीत, तेच बांबेर्ग. तिथे बिशपच राजा. प्रार्थना त्याची, कर त्याचा, फाशीचा हुकूमही त्याचाच. पुढे नेपोलियनच्या काळात ऱ्हाइनपलीकडचा मुलूख फ्रान्सने गिळला, आणि बव्हेरियाच्या राज्यकर्त्याला त्याची भरपाई म्हणून अशी धर्मगुरूंची राज्यं देऊन टाकली. कागदावर शिक्के उमटायच्या आधीच सैनिक शहरात शिरले होते. हे सगळं तुम्ही जेवताना सांगायचात आणि मी फोनवर मेल बघत हं हं करायचे.

बाईंनी तुम्हाला त्यांच्या याच चर्चच्या हॉलमध्ये बांबेर्गवर बोलायला बोलावलं. तुम्ही इंग्रजीत बारा पानं लिहिलीत आणि आठवडाभर माझ्या स्वयंपाकघरात, ओट्यापाशी उभं राहून, ती मोठ्याने वाचत राहिलात. एकदा मी कंटाळून म्हटलं की जरा कमी करा, बिशपचं राज्य गेलं ते चांगलंच झालं, त्यात एवढं सांगण्यासारखं काय आहे? तुम्ही चष्मा काढलात. आवाज चढवला नाहीत.

"राज्य जायलाच हवं होतं गं. पण मठातल्या म्हाताऱ्यांना सांगितलं, पेन्शन घ्या आणि निघा. त्यांची पुस्तकं गाड्यांत भरून नेली. आता कुठे जाल, हे कोणी विचारलं नाही त्यांना."

मी दुधाकडे वळले. तुम्ही तेव्हा अमरावतीचं घर रिकामं करून आला होतात, हे माझ्या आज, हे लिहिताना लक्षात येतंय.

ठरलेल्या दिवशी तुम्ही दुपारपासून कोट घालून सोफ्यावर बसलेले. मी आले आणि म्हटलं, बाईंचा फोन आला होता, बर्फामुळे कार्यक्रम कॅन्सल केलाय. तुम्ही खिडकीबाहेर पाहिलंत. बर्फ पडत नव्हता. "बरं," म्हणालात, आणि कोट काढून आतल्या खोलीत गेलात. बाईंना मी काहीच कळवलं नव्हतं. त्यांचे फोन आले ते उचलले नाहीत. तुम्ही पुन्हा लायब्ररीत सोड म्हणाला नाहीत. मार्चमध्ये पुण्याला दादाकडे गेलात, आणि वर्षाच्या आत वारलात.

रविवारी प्रार्थना संपल्यावर त्या बाई वॉकर ढकलत माझ्यापाशी आल्या. आता नव्वदीच्या पुढे असतील. तरी त्यांनी मला ओळखलं.

"तुझे वडील त्या दिवशी आले नाहीत," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "आम्ही तासभर वाट पाहिली."

मी म्हटलं, त्यांना बरं नव्हतं. त्यांनी माझा हात थोपटला. मग सांगू लागल्या की नवं चर्च लांब आहे, त्यांना गाडी चालवता येत नाही, तिकडे कोण नेणार ते ठरलेलं नाही. मी मान हलवली. मी नेईन, हे तोंडातून निघालं नाही.

बाबा, हे पाठवायला पत्ता नाही, आणि तुम्ही असतात तर मी ते लिहिलंही नसतं. त्या दिवशी मला काही काम नव्हतं. गाडी दारात होती, रस्ता मोकळा होता. आठवडाभर ओट्यापाशी तुमचे इंग्रजी उच्चार ऐकून मला तुमची लाज वाटायला लागली होती.