दरीतला दिवा

३ ऑक्टोबर
पोचले एकदाची! जीपने हाडं खिळखिळी केली. दोन पायऱ्या चढलं की धाप लागते. खोली एवढीशी, पण खिडकी अख्खी दरीवर. फोनला रेंज नाही — नाहीच.

हे इथे हवे होते. जन्मभर रेल्वेचे गार्ड, हिरवा दिवा दाखवून गाड्या सोडल्या, शेवटच्या डब्यातून आकाश बघितलं. रिटायर झालो की डोंगरावर जाऊ, तारे बघू, हिमबिबट्या बघू — ऐकून कान किटले माझे! आणि ऐन वेळी डॉक्टर म्हणाले, "हृदयाचं दुखणं आहे. पायथ्याच्या गावापर्यंत ठीक, त्याच्या वर नाही." गार्डसाहेब भडकले. "अर्ध्यावर बसून काय माशा मारू? तू जा. बिबट्या बघून ये, मला सांग."

निघताना चिडवलं — "गाडी सोडताय, आणि हिरवा दिवा कुठाय?" हसले नाहीत.

४ ऑक्टोबर
इथला नियम — अंधार पडला की बाहेर दिवा नाही. लोक आकाश बघायलाच येतात ना! खिडक्यांना जाड पडदे, बॅटरीला लाल कापड.

आणि तारे... अगं बाई! साखरेचा डबा सांडावा तसे. "अहो, ते बघा!" म्हणून शेजारी वळले, तर वाटाड्या. बिचारा खरंच बघायला लागला.

५ ऑक्टोबर
पायथ्याच्या गावात मेला कोणीतरी दिवा नाचवतोय. पांढरा, डोळ्यात खुपणारा. वाटाड्या म्हणाला, "अशाने जनावर बुजेल."

६ ऑक्टोबर
परत तोच दिवा! मी म्हटलं, कोणीतरी जाऊन फोडा तो. घरमालकीण हसली. "ताई, सगळ्यांत जास्त तुम्हीच चिडता." चिडू नको तर काय करू? बिबट्या दिसला नाही, तर घरी जाऊन सांगू काय?

७ ऑक्टोबर
दिसला!! सकाळी, समोरच्या कड्यावर. आधी वाटलं दगडच हलला. शेपूट केवढी — अंगाएवढी!

दुर्बीण ह्यांची, पट्टा ह्यांच्या मापाचा, माझ्या पोटापर्यंत लोंबतो. तो घट्ट धरून रडले. सगळे टाळ्या वाजवतायत आणि मी रडतेय. ह्यांच्याशिवाय नकोच होतं बघायला काही.

जीपवाला खाली निघाला होता. राग त्याच्यावरच काढला — "त्या दिवेवाल्याला सांगा, अक्कल गहाण टाकलीय का म्हणावं!"

८ ऑक्टोबर
जीपवाला परत आला. नुसता हसतोय. "एक आजोबा आहेत. तुमचा निरोप जसाच्या तसा दिला, तर खूशच झाले! म्हणाले, ही तिचीच भाषा. म्हणजे दिवा दिसतोय तिला. हिरवी काच तेवढी प्रवासात फुटली म्हणे."

घरमालकिणीने कंदील पुसून माझ्या हातात दिला.

अंधार पडू दे आता लवकर.