धावत्या गाडीची दारं

बाबा,

गाडी मी नेली आहे. तुम्ही नको म्हणालात, तरी दारांना आपोआप लागणारं लॉक मी बसवलंच. वेग घेताच चारही दारं बंद होतात. उघडायचं बटण ड्रायव्हरच्या सीटखाली आहे. "कवयित्रीबाई, वायरिंग म्हणजे यमक नव्हे," म्हणाला होतात; डाव्या दारात चुकून पाडलेलं भोक तेवढं तुमच्या बाजूने साक्ष देईल.

परवा आईने घर आलं समजून भरधाव गाडीचं दार उघडलं. त्याला तुम्ही विसरभोळेपणा म्हणालात. मी म्हणत नाही. आज तिला डॉक्टरांकडे नेते आहे.

लॉक खुशाल काढून टाका. मग मात्र यापुढे मागच्या सीटवर तिचा हात धरून तुम्ही बसायचं.