बोटाने निवडलेलं रीळ

ईडन प्रेरी, मिनेसोटा
१० मे १९९८

प्रिय आबा,

शाळेत तीर्थरूप लिहायला शिकवलं होतं. आज प्रियच लिहिते. श्रीराम, तू त्यांना मोठ्याने वाचून दाखव आणि मध्ये काही गाळू नकोस. भावाची खोड बहिणीला ठाऊक असते.

आबा, तुमचं पत्र मिळालं. अमेरिकेला येणार नाही म्हणता, आणि आलोच तर निमंत्रणाच्या कागदावर तुमच्याबद्दल मी काय लिहावं तेही सांगता. आठ दिवस मला जेवण गेलं नाही. तुम्हाला उलट उत्तर द्यायची सवय नाही ना. त्या कागदाचं शेवटी लिहिते. आधी हे ऐका, मी मासे धरायला लागले आहे. लहानपणी तुम्ही माझ्या हातातून जाळं काढून घेतलंत. घरातली पहिली शिकणारी पोर, तिच्या हाताला माशाचा वास नको, म्हणालात. आता लागलाय. धुतला तरी जात नाही, आणि मी फार धूतही नाही.

इथून तीन तासांवर समुद्राएवढं गोड्या पाण्याचं सरोवर आहे. बर्फ वितळला की त्यातून स्टीलहेड नावाचे मासे नद्यांमध्ये चढतात. हातभर लांब, चांदीसारखे, मरळीपेक्षा तापट. त्यांना धरायची रीत मात्र आपलीच. तुम्ही ज्वारीच्या धांड्याचा तुकडा बांधून गळ सोडायचात, इथे रंगीत फ्लोट बांधून सोडतात आणि तो बुडायची वाट बघतात. फक्त काठीवर दोरा गुंडाळणारं रीळ लागतं. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. तीन आठवडे कॅटलॉग वाचले, तक्ता केला, वजन किती, दोरा किती मावतो, आत बेअरिंग किती. सगळ्यात जास्त बेअरिंग असलेलं स्वस्त रीळ पोस्टाने मागवलं. पहिलाच मासा लागला आणि पळाला. अशा वेळी रिळाने आपोआप थोडा थोडा दोरा सोडत राहायला हवं. माझं अडलं, हिसका देऊन सुटलं, पुन्हा अडलं. दोरा तटकन तुटला. त्या गार पाण्यात उभी राहून रडले, आणि तुमचं बोट आठवलं.

उजव्या हाताचं, दोऱ्याने खाच पडलेलं. तुमच्याकडे कुठलं रीळ? मासा ओढायला लागला की त्या बोटावरूनच दोरा जायचा, सारखा, न अडखळता. किती सोडायचा असं मी विचारलं, तर म्हणालात, ‘डोळे मीट. बोट सांगतं.’

मग दुकानात गेले. तिथल्या म्हाताऱ्या दुकानदाराने, डेलने, विचारलं, नवऱ्याला भेट द्यायचंय का? म्हटलं, नवरा नाही, मला हवंय. त्याने काचेच्या कपाटातून एक मोठं गोल रीळ काढलं, म्हणाला, फ्लोटसाठी खरं हेच. असेलही. त्याच्या किमतीत तुमचं विमानाचं निम्मं तिकीट येतं. मी स्वस्तातली सहा रिळं काउंटरवर मांडायला लावली, डोळे मिटले आणि एकेकाचा दोरा बोटावरून ओढून बघितला. दुकानातले दोघेतिघे हसले. पाच अडखळली. सहावं, साधं काळं, दोनच बेअरिंगचं, तुमच्या बोटासारखं सुटत गेलं. डेलनेही मग ओढून पाहिलं. ‘तुला हे कुणी शिकवलं?’ म्हणाला. मी म्हटलं, माझ्या वडिलांनी. ते मासे धरतात.

आबा, हे वाक्य मी इथे चार वर्षांत पहिल्यांदा बोलले. मराठी मंडळात सगळ्यांना सांगितलं होतं की वडील सरकारी मत्स्यखात्यात आहेत. गेल्या रविवारी मंडळातल्या शैलजाकाकूंकडे जेवायला गेले. काकू म्हणाल्या, ‘अगं, चिखलात उभी राहून मासे काय मारतेस? वडिलांनी कधी पाण्यात पाय घातला असेल का?’ मी म्हटलं, ‘रोज घालतात. आम्ही भोई. खात्यात आहेत असं मी सांगितलं ते खोटं होतं.’ मग काकू म्हणाल्या, ‘घे गं, श्रीखंड घे.’ मी दोनदा घेतलं.

त्या रिळावर काल मासा आला. इथला नियम असा, की नदीत जन्मलेला स्टीलहेड सोडून द्यायचा. हसा खुशाल. मी नियमांचं पुस्तक तीनदा वाचलंय. मी त्याला हाताने पाण्यात धरून ठेवलं, त्याच्यात पुन्हा जोर येईपर्यंत, आणि सोडलं.

आता कागदाचं. ‘शेतकरी लिही, मासेवाला बाप बघून तुला कोण विचारील,’ असं तुम्ही कळवलंत. आपल्याला गुंठाभर जमीन नाही, आबा. निमंत्रणपत्रात तुमच्या नावापुढे मी मासेमार लिहिलंय आणि खाली सही केलीय. सोबत पाठवते आहे. एवढी एक गोष्ट मी तुमची ऐकणार नाही. पुढच्या एप्रिलात मासे चढतील तेव्हा या. तसलंच दुसरं रीळ आणून ठेवलंय, फिरवायची मूठ डावीकडे लावून, म्हणजे तुमचं उजवं बोट दोऱ्यावर मोकळं राहील. व्हिसाच्या साहेबाने विचारलं, काय काम करता, तर जे आहे ते सांगा. विश्वास नाही बसला, तर बोट दाखवा.

तुमचीच,
मासेमाराची मुलगी
अंजना