सुकट मिळाली

नाशिक

आईला दर्शनाचा जयभीम,

सुकट मिळाली. मी बरी हाय. कडावच्या शेतातली भातलावणी उरकली का? धाकट्या मिलिंदचा खोकला?

क्लास संपला गं. आता सरांच्या हाताखाली घराघरांत गॅसची पाइपलाइन जोडते. त्यांनी सही केली की पक्की फिटर.

काल एका दारातच सर थबकले. "गॅस गळतोय. आला ना वास?" मी हो म्हटलं. मला काय आला नव्हता. सर्दी असंल, वाटलं.

रात्री तुझा डबा उघडला. खोलीतल्या मुली नाकाला ओढणी लावून बाहेर पळाल्या. मी डब्यात तोंड घातलं, आई. कायच वास नाय.

उद्या सर मला एकटीला एका घरी जोडणीला पाठवतायत, भरवशाची म्हणून. त्या घरात बाळंतीण हाय.

तुझी,
दर्शना