नळाजवळच्या दूर्वा

वाघोली, पुणे
शनिवार, चैत्र शुद्ध दशमी

चि. सौ. वल्लरी हिस,
अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. सृष्टीची परीक्षा संपत आली, सलिल वेळेवर जेवतो, आणि माझे गुडघे तू ठेवून गेलीस तसेच आहेत. बेंगळुरूला हवा चांगली असते म्हणतात. ट्रेनिंगच्या जागी जेवणाचे हाल नसावेत.

रोज रात्री फोनवर भेटतो, मग आईंना पत्राची हौस कुठून आली, असं तुला वाटेल. फोनवर सृष्टी मांडीत असते, सलिल मागे उभा असतो, आणि मी बोलायला लागले की तुझं "हो आई, हो आई" सुरू होतं. तुझी चूक नाही, मीच लांबण लावते. पत्रात तुला मध्ये "हो आई" म्हणता येत नाही, एवढा एक फायदा.

आधी तुझ्या लॉनची हकिगत, कारण ते तू माझ्या हवाली करून गेलीस. सगळं तू सांगितलंस तसं चाललंय. पाणी उन्हं चढायच्या आत, पाइपाला बारीक फवारा लावून. संध्याकाळी घालत नाही, रात्रभर गवत ओलं राहिलं की बुरशी धरते हे लक्षात आहे. टँकर आता रोज येत नाही, म्हणून फिल्टरचं वाया जाणारं पाणी बादलीत धरते आणि भिंतीकडच्या पट्ट्याला तेच घालते. बाबुराव माळी कापायचं मशीन घेऊन येतो तेव्हा मी जवळ उभी राहते. बुडाशी कापू देत नाही. बोटभर ठेवलं नाही तर या उन्हात मुळं भाजतील. पाडव्याआधी शेणखत आणि माती चाळून पातळ थर दिला होता, तो आता मुरलाय. गादीसारखं झालंय सगळं. माझ्या हिशेबाच्या वहीत लॉनला वेगळं पान आहे. दारात गाय नाही आणि गवतावर खर्च मात्र गाईइतका, असं सलिलला म्हटलं, तर म्हणाला, "मग गाय घेऊ या का?" बोलण्यात तो आता तुझ्या वळणावर गेलाय.

मला या लॉनचं कौतुक नव्हतं, हे काही लपून राहिलेलं नाही. नारायण पेठेत दोन खोल्यांत संसार झाला. हिरवं म्हणजे कुंडीतली तुळस आणि मंडईतून आणलेली भाजी, एवढंच माहीत. पण तू गेल्यापासून सकाळी जप करत पाणी घालते, अनवाणी उभी राहते, आणि खरं सांगते, बरं वाटतं.

नळाजवळचा कोपरा तेवढा पिवळा पडलाय. म्हणजे माझ्या दूर्वांचा. बाकी सगळं हिरवंगार आहे. ऊन लागलं असेल.

बुधवारी सृष्टीचा घोळणा फुटला होता, ते सलिलने तुला सांगितलंच. नाक आता ठीक आहे. कालपासून जरा मलूल दिसते, पोटात दुखतं म्हणते. रामनवमीचा सुंठवडा जरा जास्त खाल्ला तिने. उन्हाळाही आहे. तू काळजी करू नकोस.

दूर्वा का पिवळ्या पडल्या ते मात्र कळत नाही. पाणी तर मी रोज घालते. सकाळपासून तीनदा जाऊन बघून आले. काल नुसती टोकं पिवळी होती, आज खालपर्यंत उतरलंय.

सृष्टी उठलेली दिसते. बाकीचं मग लिहिते.

रविवार, दुपार

कालचं लिहिलेलं आज परत वाचलं. "सर्व ठीक" अशी सुरुवात आहे. ते फाडत नाही, राहू दे. माणूस घाबरलं की कसं लिहितं ते तुला दिसेल.

आज सकाळी बाबुराव आला. त्याला मी कोपऱ्याकडे बोट दाखवून विचारलं, की हे असं कशाने झालं. त्याने मान वरच केली नाही. मशीनचं पातं पुसत बसला. मी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाला, "औषध मारलंय, आजी. सोमवारी. तुम्ही मंडईत गेला होता तवा."

कसलं औषध, तर तण मारायचं. कोणी सांगितलं, तर साहेबांनी. आजींना कळू देऊ नको, उगीच वाद होतील, असंही साहेब म्हणाले होते.

वाद होतील हे खरंच होतं. लॉन घातलं तेव्हा त्या कोपऱ्यावरून आपण दोघी दोन दिवस एकमेकींशी बोललो नव्हतो. तुझं म्हणणं, ही हरळी मातीखालून पसरते आणि चांगलं गवत मारते. माझं म्हणणं, गणपतीच्या दूर्वा उपटायला हात कसा धजावतो. शेवटी सलिलने तोडगा काढला, की नळाजवळचा कोपरा आईचा, बाकी सगळं वल्लरीचं. तेव्हापासून रोजच्या पूजेला एकवीस दूर्वा मी तिथूनच खुडते. त्या कोपऱ्यात कोणी काही करणार नाही, हे मी धरूनच चालले होते.

मी बाबुरावला विचारलं, ते औषध माणसाच्या पोटात गेलं तर काय होतं. तो आधी हसला. मग माझ्या तोंडाकडे बघून त्याचं हसू गेलं.

"पोटात न्हाई जायला पायजे," म्हणाला. "काहून विचारता?"

वल्लरी, आता लिहिते.

बुधवारी सृष्टी शाळेतून आली ती शर्टावर रक्त घेऊनच. मी तिला आडवं केलं, डोक्यावर गार पाणी थापलं, तरी थांबेना. माझी आई अशा वेळी दूर्वांचा रस द्यायची. सलिललाही लहानपणी मी तोच द्यायचे. अंगणातच तर होत्या. कोपऱ्यातल्या मूठभर खुडल्या, वाटल्या, फडक्यातून गाळल्या. दोन थेंब नाकात घातले आणि चमचाभर रस खडीसाखर घालून तिला प्यायला दिला. धुतल्या होत्या गं, तीन पाण्यांनी धुतल्या होत्या. तेव्हा त्या हिरव्यागार होत्या. तिसऱ्या दिवशी पिवळ्या पडणार आहेत हे त्यांच्याकडे बघून कोणाला कळलं असतं?

रक्त थांबलं. मी देवाला हात जोडले.

त्या रात्री सृष्टी फोनवर तुला म्हणाली, "मम्मा, आज मी गवत प्यायले. आता मी गाय आहे." तू हसलीस. तुला वाटलं तिची नेहमीची गंमत. मीही हसले. तेव्हा विषाचं मला काही माहीत नव्हतं, पण एक गोष्ट माहीत होती. निघताना मी तुला हळदकुंकू लावलं, तू वाकून नमस्कार केलास आणि म्हणालीस, "आई, सृष्टी तुमच्यावर सोडून जातेय. औषधबिषध मात्र मला विचारल्याशिवाय नको." मी मान हलवली होती. म्हणून हसले मी त्या रात्री. तुझ्या हसण्याआड लपले.

बाबुराव गेल्यावर देव्हाऱ्यातल्या गणपतीवरच्या दूर्वा काढल्या. रोज तिथल्याच वाहत होते. सोवळ्यातल्या हाताने विष वाहत होते देवाला. फ्रिजमध्ये ओल्या फडक्यात बुधवारच्याच खुडलेल्या थोड्या शिल्लक होत्या. त्या सगळ्या पाणी घालून वाटल्या आणि वाटीभर रस मी प्यायले.

असं का केलं ते लिहायला लाज वाटते. मला वाटलं, तिला चमचाभर दिलाय, आपण वाटीभर घ्यावा. जे व्हायचं ते आधी आपल्याला होईल आणि आपल्याला कळेल. मग ओट्याला टेकून बसले आणि वाट बघत राहिले. तासाभरात तोंड कडू झालं, घशाशी आलं, एवढंच. ते औषधाने की भीतीने, हे कसं ओळखायचं? सृष्टी आत झोपली होती. दर थोड्या वेळाने जाऊन तिच्या नाकापुढे बोट धरत होते, ती तान्ही असताना धरायचे तसं.

सलिल मार्केट यार्डात गेलाय, वर्षाचे गहू बघायला. आला की सांगणार आहे.

सोमवार, सकाळ

सांगितलं.

गव्हाचं पोतं उतरवून तो नळावर हात धूत होता, त्या कोपऱ्यापाशीच. मी सगळं एका दमात बोलले. त्याने नळ बंद केला नाही, पाणी तसंच वाहत राहिलं. एरवी मी ओरडले असते. मग तो नळाच्या कट्ट्यावर बसला आणि म्हणाला, "मीच सांगितलं होतं फवारायला. वल्लरी परत येईल तेव्हा लॉन एकसारखं दिसावं म्हणून. तुला सांगितलं असतं तर तू फवारू दिलं नसतंस."

मी म्हटलं, "आणि मी तुला विचारलं असतं तर तू रस देऊ दिला नसतास."

 बाबुरावला फोन करून त्याने बाटलीचा फोटो मागवला, आणि तसेच आम्ही सृष्टीला घेऊन तिच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. रविवार असून त्यांनी वरच्या घरातून खाली येऊन दवाखाना उघडला. फोटो बघितला, सृष्टीचं पोट दाबून बघितलं, डोळे बघितले. म्हणाल्या, रस थोडा होता, दूर्वा धुतलेल्या होत्या, बहुतेक काही होणार नाही. पण "बहुतेक" वर त्या थांबणार नाहीत. सकाळी रक्त तपासायचं, लिव्हर आणि किडनी दोन्ही. तोपर्यंत उलटी झाली, झोप जास्त आली, लघवी कमी झाली, तर रात्री कितीही वाजता फोन करायचा.

मी वाटीभर प्यायल्याचंही सांगितलं, म्हणजे त्यांना अंदाज यावा. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "आजी, तुम्ही प्रयोगशाळेतला उंदीर नाही. तुमचंही रक्त द्या उद्या." मग सृष्टीला बाहेर खेळायला पाठवलं आणि म्हणाल्या, "रस दिलात त्याबद्दल मी बोलत नाही. शुक्रवारी पोट दुखतंय म्हणाली, दूर्वा पिवळ्या पडलेल्या तुम्हाला दिसल्या, आणि रविवारपर्यंत गप्प बसलात. त्याबद्दल बोलतेय."

 मला शनिवारीच शंका आली होती, वल्लरी. तीनदा कोपरा बघायला गेले म्हणून वर लिहिलंय ना, ती शंकाच होती. मी बाबुरावला फोन करू शकत होते. केला नाही, कारण त्याने "हो" म्हटलं असतं तर मला तुला सांगावं लागलं असतं.

आज सकाळी दोघींनी रक्त दिलं. सुई टोचताना सृष्टीने माझा हात धरला होता. "आजी, तुला पण गवतामुळे?" असं विचारलं तिने. मी हो म्हटलं. तिला बरं वाटलं. शिरा खाऊन आता चित्रं काढत बसलीय. उलटी नाही. पोटात दुखतं का विचारलं की आता थोडंच म्हणते, पण मी इतक्या वेळा विचारते की ती मला बरं वाटावं म्हणून सांगते की खरंच, हे मला समजत नाही.

रिपोर्ट संध्याकाळी येणार.

सलिल म्हणतो, "वल्लरीला आत्ता काही सांगायचं नाही. रिपोर्ट चांगला आला तर सांगायची गरजच काय. उरलेलं ट्रेनिंग टाकून ती विमानात बसेल, आणि पुन्हा सृष्टीला तुझ्याजवळ ठेवणार नाही." तो माझ्याच भल्याचं बोलतो. त्याच्या तोंडून ते ऐकताना, खोटं कशाला बोलू, क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं.

पण मग विचार केला. औषध मारलं ते मला सांगितलं नाही, म्हणजे वाद नको. रस दिला ते तुला सांगितलं नाही, म्हणजे वाद नको. आता हे तिसरं. आपल्या घरात एकमेकांना किती जपतात बघ, आणि त्या जपण्यातून चमचा गेला तो पोरीच्या तोंडात.

रिपोर्ट चांगला आला, तर हे पत्र टाकायला माझा हात उचलणार नाही. मी स्वतःला ओळखते. देवापुढे साखर ठेवीन, आणि पत्र माझ्या कपाटातल्या डब्याच्या तळाशी जाईल. वाईट आला तर सलिल तुला फोन करेलच, मग पत्राला काही अर्थ उरणार नाही, ती नुसती सारवासारव होईल. म्हणून ते संध्याकाळच्या आत टपालात पडायला हवं. सलिल घरूनच काम करतोय, सृष्टी त्याच्याजवळ आहे. मी पोस्टात जाऊन येते म्हणून त्याला सांगितलंय, कशाला ते सांगितलेलं नाही. परत आल्यावर सांगेन.

हे तुझ्या हाती पडेल तेव्हा रिपोर्ट काय आला ते मला कळलेलं असेल. सलिलला विचारू नकोस, मला फोन कर. सृष्टीला मांडीवर घेणार नाही, एकटी बसेन, आणि जे असेल ते सांगेन. तू बोल, रागाव, मी मध्ये बोलणार नाही. यापुढे सृष्टीला माझ्याजवळ ठेवायचं की नाही ते तू ठरव. तू जे म्हणशील त्यावर मी वाद घालणार नाही.

तो कोपरा बाबुरावला खणून काढायला सांगितलाय, खालच्या मातीसकट. तिथे तुझंच गवत लाव. गणपतीला मी आता नुसतं फूल वाहते.

पत्राच्या शेवटी "आई" लिहायची सवय आहे. पण आई तू म्हणतेस, ते काही मी स्वतःचं स्वतः लिहून घ्यायचं नाही. या वेळी ती जागा तुझ्यासाठी मोकळी ठेवते.

श्यामला